रिकाम्या सॉकेटचा इतिहास : संगणक सुटा कसा झाला?

#थ्रेड #इतिहास #संगणक

१/
दूरचित्रवाणी संच जुना झाला की तो संपूर्ण बदलावा लागतो. टेबलावरचा संगणक मात्र या नियमाला अपवाद आहे. यंदा रॅम, पुढच्या वर्षी ग्राफिक कार्ड, जमेल तेव्हा प्रोसेसर, अशा हप्त्यांनी तो नवा करता येतो आणि कॅबिनेट तेच राहते. बेताच्या पैशांत संगणक बाळगणाऱ्यांचा खरा आधार हीच सोय आहे. ती यंत्राच्या स्वभावात मुळातच होती, असे मात्र नाही. ती घाईतून, स्पर्धेतून, कज्जेदलालीतून आणि क्वचित चुकीतून जन्मली. आणि ती काढून घेण्याचे प्रयत्नही वारंवार झाले. पन्नास वर्षांच्या त्या ओढाताणीचा हा इतिहास.

२/
आरंभ जानेवारी १९७५. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' झळकला. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीच्या 'मिट्स' या लहानशा कंपनीचे हे यंत्र सुट्या भागांच्या संचात ३९७ डॉलरला मिळत होते. त्याला ना कळफलक, ना पडदा. स्मृती अवघी २५६ बाइट. पुढच्या पट्टीवरच्या खटक्यांनी त्याला आज्ञा द्याव्या लागत. पण एड रॉबर्ट्स यांनी आत एक व्यवस्था करून ठेवली होती : शंभर टोकांच्या खाचा. त्यांत नवे मंडल बसवले की यंत्राची ताकद वाढत असे. ग्राहकाने विकत घेतलेली वस्तू अपुरी होती. परंतु ती पूर्ण करण्याचा मार्ग मोकळा होता.

३/
या मोकळ्या मार्गावरून बाहेरचे लोक लगेच आत आले. मिट्सचे स्वतःचे ४ किलोबाइटचे स्मृतिमंडल बेभरवशाचे निघाले. कॅलिफोर्नियातील 'प्रोसेसर टेक्नॉलॉजी'ने त्याच खाचेत बसणारे मंडल बाजारात आणले. ग्राहक तिकडे वळू लागले. मिट्सने मग स्वतःची मंडले घेणाऱ्यांना बेसिक ही आज्ञाप्रणाली अल्प दरात आणि इतरांना कितीतरी महाग द्यायला सुरुवात केली. परिणाम उलटाच झाला. लोकांनी मंडले बाहेरून घेतली आणि बेसिकच्या फितीची नक्कल केली. बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये छंदिष्टांना लिहिलेले प्रसिद्ध संतप्त पत्र याच वातावरणातले आहे. खाच एकदा उघडी ठेवली की तिच्यात काय बसावे, हे मूळ उत्पादकाच्या हाती उरत नाही. हा या इतिहासाचा पहिला धडा.

४/
दुसरा टप्पा १२ ऑगस्ट १९८१. आयबीएमने 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. एरवी आपल्या यंत्राचा प्रत्येक भाग स्वतः घडवणाऱ्या या अवाढव्य कंपनीला या वेळी तेवढी सवड नव्हती. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या छोट्या चमूला सुमारे वर्षभरातच यंत्र उभे करायचे होते. त्यामुळे प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली, आणि उरलेले बहुतेक भागही खुल्या बाजारातून आणले. आधुनिक संगणकाच्या 'सुटेपणा'चे मूळ तत्त्वज्ञानात शोधण्याचे कारण नाही. ते या वेळापत्रकात आहे.

५/
या यंत्राची सर्वांत स्वस्त आवृत्ती १,५६५ डॉलरची होती. तीत १६ किलोबाइट स्मृती. मॉनिटर नाही, डिस्क ड्राइव्ह नाही. घरचा टीव्ही जोडावा आणि माहिती कॅसेटवर साठवावी, अशी योजना. परंतु झाकण उघडले की खरा ऐवज दिसत असे. विस्तारासाठी पाच स्लॉट. स्मृतीच्या चिप्सची पहिली रांग पक्की झाळलेली, पुढच्या तीन रांगांसाठी मात्र रिकामे सॉकेट. ८०८८ प्रोसेसरशेजारी आणखी एक मोठे रिकामे सॉकेट, ८०८७ या गणिती चिपसाठी. आज कमी पैसे द्यावेत आणि उद्या जागा भरावी, हा व्यवहार त्या रिकाम्या सॉकेटांनी ग्राहकाला शिकवला.

६/
काटकसरीचा दुसरा, काहीसा कडू धडाही याच यंत्राने दिला. त्याचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता. मार्च १९८३ मध्ये आलेल्या 'एक्सटी'त १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, आणि तिच्यासाठी आयबीएमने १३० वॅटचा पुरवठा दिला. जुन्या यंत्रात हार्ड डिस्क बसवू पाहणाऱ्याला आधी वीजपुरवठा बदलावा लागे. यंत्र फार जुने असल्यास त्यातली बायॉस चिपही. एक भाग बदलायला जावे आणि तीन भागांचा खर्च निघावा, ही आजची परिचित तक्रार चाळीस वर्षांपूर्वीची आहे. अनुभवी मंडळी यादी करताना एसएमपीएसवर कात्री लावू देत नाहीत, त्यामागची परंपरा इतकी जुनी आहे.

७/
याच्या अगदी विरुद्ध वाट जानेवारी १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने धरली. त्याला एकही विस्तार स्लॉट नव्हता; १२८ किलोबाइट स्मृती मंडलावर झाळलेली होती. पेटी ग्राहकाने उघडू नये, अशीच रचना होती. स्मृती अपुरी पडते, हे थोड्याच काळात उघड झाले आणि त्याच वर्षी ५१२ किलोबाइटची आवृत्ती बाजारात आली. जुन्या ग्राहकासमोर दोनच पर्याय : नव्या मंडलासाठी पैसे मोजणे, किंवा हातात डाखणी घेऊन स्वतः चिप्स बदलणारा कुणी शोधणे. बंद पेटी अधिक देखणी आणि सुटसुटीत होती, हे नाकारता येणार नाही. मात्र तिची किंमत दोनदा द्यावी लागे.

८/
आयबीएमने आपल्या यंत्राची तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. तीत मंडलाचे आराखडे होते आणि बायॉसची संपूर्ण संहिताही. कार्ड बनवणाऱ्यांना ती उपयोगी पडावी, हा हेतू. बायॉसवर स्वामित्वहक्क असल्यामुळे नक्कल मात्र बेकायदा. ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने यातून वाट काढली. ज्यांनी ती संहिता कधीही वाचली नव्हती, अशा अभियंत्यांकडून तिने केवळ कार्याच्या वर्णनावरून नवी बायॉस लिहवून घेतली. नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झालेले हे यंत्र आयबीएमसाठीच्या आज्ञावली चालवत असे. १९८३ या पहिल्याच वर्षी कॉम्पॅकची विक्री ११ कोटी १० लाख डॉलरवर गेली.

९/
कॉम्पॅकचे यश एका कंपनीपुरते होते. १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीजने तशाच स्वच्छ पद्धतीने लिहिलेली बायॉस कोणालाही विकायला काढली आणि कुलूपच निघाले. पाठोपाठ 'चिप्स अँड टेक्नॉलॉजीज'ने मदरबोर्डावरच्या डझनावारी चिप्सचे काम मोजक्या चिप्समध्ये आणले. बायॉस बाजारात, चिपसेट बाजारात, प्रोसेसर बाजारात! आता मदरबोर्ड बनवायला आयबीएमएवढे भांडवल लागत नव्हते. तैवानने ही संधी साधली. गिगाबाइट आणि एमएसआय १९८६ मध्ये, तर असूस १९८९ मध्ये स्थापन झाली. आजच्या खरेदीयादीतली ही नावे त्या एका दशकाची अपत्ये आहेत.

१०/
सुट्या भागांच्या या बाजाराने व्यापाराची नवी रीतही घडवली. १९८४ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातील एक विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीतून संगणकांची ताकद वाढवून देण्याचा आणि त्यासाठीचे सुटे संच विकण्याचा उद्योग करू लागला. त्याचे नाव मायकेल डेल. दुकानात तयार मिळणाऱ्या यंत्रात भागांचे मोल किती आणि मधल्या साखळीचा नफा किती, हा हिशेब त्याने मांडला होता. पुढे जगभरच्या असेंबल करणाऱ्या दुकानदाराने हाच हिशेब आपल्या गल्लीत मांडला.

११/
आयबीएमने गेलेली सत्ता परत मिळवण्याचा प्रयत्न केला. १९८४ च्या 'एटी'मध्ये नवा १६ बिटी स्लॉट होता; तो जुन्या स्लॉटलाच जोड देऊन बनवल्यामुळे जुनी कार्डेही चालत. एप्रिल १९८७ मध्ये आलेल्या 'पीएस/२' मालिकेच्या वरच्या श्रेणींत मात्र 'मायक्रो चॅनेल' ही निराळी खाच आली. तांत्रिकदृष्ट्या ती सरस होती. पण जुने एकही कार्ड तीत बसत नव्हते आणि ती वापरू इच्छिणाऱ्या उत्पादकांकडून आयबीएम रॉयल्टी मागत होती. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन जुनी कार्डे स्वीकारणारा 'ईसा' हा पर्यायी आराखडा जाहीर केला. मायक्रो चॅनेल मागे पडला. ईसाही फारसा रुजला नाही. ग्राहकाची जुनी कार्डे वाया घालवणारे सरस तंत्रही हरू शकते, हे मात्र सिद्ध झाले.

१२/
रिकाम्या सॉकेटचा विनोदी म्हणावा असा अध्याय १९९१ चा. इंटेलने ४८६ प्रोसेसरची स्वस्त आवृत्ती '४८६एसएक्स' आणली. तीत गणिती भाग चालत नसे. आरंभीच्या चिप्समध्ये तो प्रत्यक्ष हजर असून निकामी केलेला होता. ग्राहकाला पुढे गणिती क्षमता हवी झाली, तर मदरबोर्डावरच्या जादा सॉकेटात '४८७एसएक्स' बसवायची. ही चिप म्हणजे वस्तुतः पूर्ण ४८६च होती. ती बसताच शेजारचा मूळ प्रोसेसर बंद पडे आणि सारे काम नवी चिप करू लागे. ग्राहकाने पूरक भाग म्हणून घेतलेली वस्तू संपूर्ण प्रोसेसर होती, आणि आधीचा प्रोसेसर यंत्रात नुसता बसून राही. उन्नतीचा प्रत्येक मार्ग ग्राहकाच्या हिताचाच असतो असे नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१३/
भारताची कथा या सुमारास वेगाने जोडली गेली. आयबीएम १९७८ मध्ये देश सोडून गेली होती आणि संगणकाची आयात परवान्यांच्या जाळ्यात अडकलेली होती. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने उत्पादन आणि आयातीवरची बंधने सैल केली. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी दार आणखी उघडले. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान कराराचा सदस्य झाला आणि त्यातील वस्तूंवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्याकडे नेण्याचे बंधन त्याने स्वीकारले. दरम्यान १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सुरू केले होते. संगणक घरात यावा, अशी इच्छा आणि तो येऊ शकेल, अशी वाट दोन्ही एकाच दशकात निर्माण झाल्या.

१४/
मुंबईत ही वाट ग्रँट रोड स्थानकाजवळून जात होती. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता. अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. 'शोले' ज्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला, ते याच रस्त्यावरचे. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा येथील बाजार संगणकाच्या भागांकडे वळला. दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट, बंगळुरूत एस. पी. रोड यांनी हेच काम केले. 'ब्रँडेड' आणि 'असेंबल्ड' ही जोडी मध्यमवर्गाच्या बोलीत रूढ झाली. दुकानदाराने कागदावर लिहून दिलेले कोटेशन, त्यातल्या ओळी घरी बसून खोडणे, मॉनिटर थोडा लहान घेऊन रॅम वाढवणे, हा एका पिढीचा अर्थशास्त्राचा पहिला पाठ होता.

१५/
त्या कोटेशनातील आकडे मात्र लॅमिंग्टन रोडवर ठरत नसत. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवरचे आवरण ज्या इपॉक्सी राळेचे असते, तिचा जगातला निम्म्याहून अधिक पुरवठा या एका ठिकाणाहून होत असे. बाजारात घबराट पसरली आणि रॅमचे भाव एकाएकी भडकले. सप्टेंबर १९९९ मधील तैवानच्या भूकंपानंतर रॅमच्या बाबतीत पुन्हा तेच घडले. २०११ मध्ये थायलंडमधील महापुराने हार्ड डिस्कचे भाव असेच चढवले. भाग सुटे झाले, तसे त्यांचे उत्पादन जगभर विखुरले. आणि एकेक भाग मोजक्याच ठिकाणी एकवटला. स्वस्ताईचे आणि या अस्थैर्याचे मूळ एकच आहे.

१६/
नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुटेपणा कळसाला पोहोचला. 'सॉकेट ७' या एकाच सॉकेटात इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के६ आणि सायरिक्सचे प्रोसेसर बसत. मदरबोर्ड तोच ठेवून ग्राहक थेट स्पर्धक कंपनीकडे जाऊ शकत होता. मे १९९७ मध्ये पेंटियम २ आणताना इंटेलने हे सॉकेट सोडले आणि 'स्लॉट १' ही स्वतःच्या हक्काची रचना स्वीकारली. एएमडीने १९९८ मध्ये जुन्याच सॉकेटाला अधिक वेग देऊन 'सुपर ७' चालू ठेवले. त्यानंतर मात्र दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. आज मदरबोर्ड निवडतानाच प्रोसेसरचा पक्ष निवडावा लागतो, ते त्या फाटाफुटीमुळे.

१७/
स्वस्त भागाने महागड्या भागाला मात दिल्याची सर्वांत गाजलेली कथा २४ ऑगस्ट १९९८ ची. त्या एकाच दिवशी इंटेलने ६६९ डॉलरचा ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ आणि १४९ डॉलरचा सेलेरॉन ३००ए जाहीर केला. पहिल्या सेलेरॉनमध्ये दुय्यम कॅश नव्हतीच. ३००ए मध्ये ती १२८ किलोबाइट होती. पेंटियममधल्या ५१२ हून कमी, पण प्रोसेसरच्याच चकतीवर आणि पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियमची कॅश अर्ध्या वेगाची होती. सेलेरॉनचा गुणक ४.५ होता. बसचा वेग ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चे थेट ४५० होत! बहुसंख्य चिप्स हा ताण सहज पेलत, कारण दोन्ही चिप्स एकाच उत्पादनतंत्रातून घडल्या होत्या. स्वस्त आणि महाग यांतली भिंत भौतिकशास्त्राने बांधलेली नव्हती, ती दरपत्रकाने बांधली होती.

१८/
ही भिंत सर्वसामान्यांना दिसली, याला कारण नव्या प्रकारची स्वतंत्र चाचणीपत्रकारिता. 'टॉम्स हार्डवेअर' १९९६ मध्ये, तर 'आनंदटेक' १९९७ मध्ये सुरू झाले. दुसऱ्याचा संस्थापक आनंद लाल शिंपी तेव्हा अवघ्या चौदा वर्षांचा होता. उत्पादकाच्या जाहिरातीऐवजी मोजलेले आकडे समोर ठेवून भाग निवडण्याची सवय या पिढीने लावली. मात्र स्वस्ताई प्रत्येक वेळी असा विजय ठरत नाही. १९९९ च्या इंटेल ८१० चिपसेटमध्ये ग्राफिक 'ऑनबोर्ड' मिळे आणि ग्राफिक कार्डाचे पैसे वाचत. पण त्यावर एजीपी स्लॉट नसे. पुढे चांगले कार्ड घेऊ म्हणणाऱ्याला त्यासाठी मदरबोर्डच बदलावा लागे. जी खाच आज घेतली नाही, तिची किंमत उद्या द्यावी लागली.

१९/
संघर्ष अजूनही संपलेला नाही. एएमडीचे 'एएम४' सॉकेट २०१६ मध्ये आले. मे २०२० मध्ये कंपनीने आधी सांगितले की पुढचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या मदरबोर्डांवर चालणार नाहीत. नुकतेच ते मदरबोर्ड घेतलेल्या ग्राहकांनी एवढा गदारोळ केला की त्याच महिन्यात निर्णय फिरवावा लागला. एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी हा प्रोसेसरही त्याच सॉकेटात बसला. २०१७ मध्ये खरेदी केलेल्या अनेक मदरबोर्डांना त्यामुळे बायॉस अद्ययावत करून पुन्हा तारुण्य मिळाले. १९८८ मध्ये नऊ कंपन्यांनी जे काम केले, ते या वेळी ग्राहकांच्या ओरड्याने झाले.

२०/
या पन्नास वर्षांतून एक सूत्र निघते. संगणकाचा भाग निवडणे म्हणजे केवळ वेग आणि किंमत यांची तुलना नव्हे. त्या भागाबरोबर पुढच्या काही वर्षांचे पर्यायही विकत घेतले जातात. अल्टेअरच्या खाचा, आयबीएमचे रिकामे सॉकेट, सॉकेट ७ आणि एएम४ टिकले, कारण त्यांनी ग्राहकाच्या आधीच्या खर्चाचा मान राखला. मायक्रो चॅनेल आणि ४८७एसएक्स यांनी तो राखला नाही. लॅपटॉपमध्ये रॅम पुन्हा मंडलावर झाळली जात असताना टेबलावरचा संगणक अजून उघडतो, सुटतो आणि जोडला जातो. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत, त्यालाही यंत्राचा मालक होऊ देणारी ही व्यवस्था कुणा एकाच्या औदार्याने मिळालेली नाही. ती टिकते, ती खाच मागणारे ग्राहक आहेत तोवरच.

#मराठी #इतिहास